आठशे खाली बसवण्याआधी

आपल्या हॉस्टेलमध्ये गाडी 'मॉडिफाय' करायची म्हणजे काय करायचं, असं कुणालाही विचारा. उत्तरं ठरलेली आहेत : गाडी खाली बसवायची, सायलेन्सर मोठा लावायचा, एअर फिल्टर बदलायचा. उरलेले स्टिकर सांगतील. या लेखात पहिल्या गोष्टीवर मी बरंच लिहिणार आहे आणि बाकीच्यांवर जरा कमी, कारण बाकीच्यांत फक्त पैसे जातात, पहिलीत जीव जाऊ शकतो.

उदाहरणासाठी गाडी घेतली आहे मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या घरातली, नाहीतर मामाच्या घरातली तरी, पहिली गाडी हीच. वजन साधारण ६५० किलो. इंजिन तीन सिलिंडरचं, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. कॅल्क्युलेटर काढा आणि गुणाकार करून पाहा, बरोबर ७९६ सीसी येतात. कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलची ताकद साधारण ३७ हॉर्सपॉवर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट. मागे अगदी सुरुवातीच्या गाड्यांना पाटे होते, १९८६ च्या नव्या बॉडीपासून सरळ अॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग आली. सगळं उघडं, सगळं हाताला लागणारं. शिकायला यापेक्षा चांगली गाडी मिळणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या ग्रुपकडे अशी एक कार्ब्युरेटरवाली ८०० आहे. ती आमच्याकडे आली तीच कापलेल्या स्प्रिंगांसह. तिचा आधीचा मालक आपल्याच हॉस्टेलचा माजी विद्यार्थी. त्याने शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी 'लो' करून घेतली होती. तिथे चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा गॅस कटरने उडवला आणि गाडी दोन इंच खाली आणून दिली. दिसायला झकास! महिन्याभराने पिरंगुटच्या घाटात एका उंचवट्यावरून गाडी जरा हलकी झाली, मागची डावी स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटली आणि तिरकी बसली. गाडी एका बाजूला कलली. समोरून काही येत नव्हतं म्हणून तो कडेला थांबू शकला. कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसानंतर त्याने ती गाडी चालवली नाही आणि कागदपत्रं रद्द करून आम्हाला प्रोजेक्टसाठी देऊन टाकली.

असं का झालं? मागच्या अॅक्सलला खाली किती लोंबकळायचं याची मर्यादा शॉकअप ठरवतो. मूळ स्प्रिंग शॉकअप पूर्ण ताणला तरी थोडी दाबलेलीच राहील इतकी लांब असते. कापलेली स्प्रिंग तेवढी लांब राहत नाही. चाक खाली लोंबलं की स्प्रिंग मोकळी होते, आणि मोकळी स्प्रिंग कुठेही जाऊ शकते. तुमच्या कुणाच्या गाडीची स्प्रिंग कापलेली असेल तर आजच करून पाहा. गाडी जॅकवर घ्या, बॉडीखाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर हात घालू नका), चाक लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवा. हलली, तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका. गॅस कटरचा दुसरा तोटा असा की स्प्रिंगच्या पोलादाचं टेंपरिंग त्या जागी जातं. पुढे कधीतरी तिथूनच ती तुटते किंवा बसते. वर्कशॉपचे मिस्त्रीकाका पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे, स्प्रिंग म्हणजे काय पँट आहे का रे, आल्टर करायला?"

आता गणित. कंटाळा करू नका, बारावीच्या फिजिक्सच्या पुढे काही नाही.

गाडी आणि आत दोन माणसं मिळून ७८० किलो धरू. पुढच्या चाकांवर ६० टक्के, म्हणजे एका पुढच्या चाकावर २३४ किलो. त्यातून चाक, ब्रेक, हब असा स्प्रिंगच्या खालचा ऐवज वजा केला की स्प्रिंगवर साधारण २१० किलो उरतात. आरामात चालणारी घरगुती गाडी सेकंदाला सव्वा ते दीड वेळा झुलते. दीड हर्ट्झ धरले तर स्प्रिंगचा कडकपणा येतो मिलिमीटरला १८.७ न्यूटन. ऑटोक्रॉससाठी १.९ हर्ट्झ हवे असतील तर ३० न्यूटन. फ्रिक्वेन्सी वर्गमुळात असते, त्यामुळे ०.४ हर्ट्झ वाढवायला स्प्रिंग ६० टक्के कडक करावी लागते. आणि वेढा कापून किती मिळतं? स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा चालू वेढ्यांतला एक गेला की कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे १८.७ चे २२.४ होतात. फ्रिक्वेन्सी वाढते जेमतेम साडेनऊ टक्के.

म्हणजे स्प्रिंग थोडीशी कडक झाली, गाडी मात्र ५० मिमी खाली आली. खरी गोम इथे आहे. समजा मूळ गाडीत चाकाला वर जायला, रबराच्या बंप स्टॉपला टेकेपर्यंत, ७० मिमी जागा होती. ती उरली २० मिमी. मूळ स्प्रिंग त्या ७० मिमीत १३०० न्यूटनचा जादा भार झेलू शकत होती. कापलेली झेलणार २० गुणिले २२.४, म्हणजे साधारण ४५० न्यूटन. कडक स्प्रिंग लावली असं आपण म्हणतो, आणि भार झेलायची कुवत एक तृतीयांशावर आली! तितकाच भार २० मिमीत झेलायचा तर मूळच्या साडेतीन पट कडक स्प्रिंग हवी, आणि तशी गाडी कर्वे पुतळ्यापासून कोथरूड डेपोपर्यंत जाईस्तोवर तुमचे मणके मोजून देईल.

वळणावर काय होतं ते पाहा. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि दोन चाकांतलं अंतर १.२ मीटर धरलं, तर ०.६ जीच्या वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जवळजवळ १९०० न्यूटन जातात. त्यातले पुढच्या बाहेरच्या चाकाच्या वाट्याला साधारण हजार. निम्मा भार अँटी-रोल बारने उचलला असं मानलं तरी स्प्रिंगवर ५०० राहतात, आणि आपल्याकडे आहेत ४५०. म्हणजे वळणाच्या मध्यावर, जिथे टायरला आधीच पूर्ण काम आहे, तिथे सस्पेन्शन संपतं आणि बॉडी रबरावर बसते. त्या क्षणी तो कोपरा एकदम दगडासारखा कडक होतो. पुढे झालं तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जायला बघते, मागे झालं तर शेपूट बाहेर येते. त्यात रस्त्यावर एखादा खड्डा आला तर विचारूच नका, आणि आपल्याकडे खड्ड्यांची कमतरता कधीच नव्हती.

अजून एक गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत गाडी खाली बसवली की लोअर आर्म आडवा होतो आणि पुढे उलटा कलतो. त्यामुळे रोल सेंटर हे गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडी कलायला मिळणारी तरफ लांब होते. 'खाली गाडी म्हणजे कमी रोल' हे अर्धवट सत्य आहे. अलाइनमेंट बिघडते ती वेगळीच.

आम्ही काय केलं? चारही स्प्रिंगा भंगारात टाकल्या, मूळ उंचीच्या नव्या लावल्या आणि तिथून सुरुवात केली. यावर ग्रुपमध्ये जोरदार भांडण झालं. "मूळचंच लावायचं तर मॉडिफिकेशन कसलं?" हा प्रश्न एकाने तावातावाने विचारला, आणि प्रश्न चुकीचा नव्हता. पण कुठल्याही ट्यूनिंगला एक पाया लागतो, ज्याच्याशी पुढचा प्रत्येक बदल ताडून बघता येईल. बदललेल्या गाडीत आणखी बदल केले की कशाने काय झालं हे कळायचा मार्गच राहत नाही.

मग शॉकअप. स्प्रिंग गाडीला झुलवते आणि शॉकअप तो झोका मारतो. वर दिलेल्या आकड्यांसाठी क्रिटिकल डँपिंग येतं साधारण ३९६० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. घरगुती गाडीला याच्या २५ ते ३० टक्के पुरतात. आता स्प्रिंग ३० न्यूटनची केली आणि शॉकअप तोच ठेवला तर क्रिटिकल डँपिंग ५०२० वर जातं आणि आपले ३० टक्के आपोआप २४ वर येतात. म्हणजे नुसती स्प्रिंग कडक केली की गाडी जास्त उड्या मारते. पैसे मोजून शॉकअप जुना करून घेतल्यासारखंच ते!

शॉकअप चांगला आहे की गेला हे कळायला लॅब लागत नाही, खिशातला मोबाईल पुरतो. मोबाईलमध्ये अॅक्सिलरोमीटर असतो आणि त्याचा आलेख दाखवणारी फुकट अॅप्स आहेत. मोबाईल पुढच्या सीटखाली फ्लोअरवर टेपने घट्ट चिकटवा. दोघांनी मिळून गाडीचा कोपरा दाबा आणि झटकन सोडा. आलेखातल्या एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन शिखरांची उंची मोजा. डँपिंग ३० टक्के असेल तर दुसरं शिखर पहिल्याच्या एक सप्तमांश असतं, म्हणजे दिसलं तर दिसलं. डँपिंग १० टक्क्यांवर आलं असेल तर ते निम्म्याहून मोठं येतं. आमच्या मागच्या दोन्ही शॉकअपचं तसंच आलं. तेल बाहेर आलेलं नव्हतं, हाताने दाबल्यावर 'ठीक आहे' वाटत होतं, पण आलेखाने सांगितलं की दोन्ही निकामी आहेत. एक मात्र लक्षात ठेवा, जुन्या बुश आवळलेल्या असतील तर त्यांचं घर्षणच डँपिंग असल्याचं सोंग आणतं. आधी बुश बघा.

चाचणीची दुसरी जागा म्हणजे स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येचा. ताशी २० किमीने तो पार करायला ०.६७ सेकंद लागतात, आणि दीड हर्ट्झच्या गाडीचा एक झोकाही ०.६७ सेकंदांचाच. म्हणून बरोबर त्याच वेगाला गाडी सर्वांत जास्त डोलते. पुस्तकातलं रेझोनन्स हे असं पौड रोडला भेटतं. अर्थात आपल्या सोसायट्यांसमोरचे डांबराचे ढीग कुठल्याच मानकात बसत नाहीत, त्यांना पर्वत म्हणावं.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. आम्ही म्हणूनच ८०० टेम्पोवर चढवून चांदणी चौकातून पलीकडे मुळशीच्या बाजूला एका खाजगी मैदानावर नेतो, परवानगी घेऊन. हेल्मेट, बेल्ट, आग विझवायचा सिलिंडर, सगळं. वॉर्डन सरांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहीत आहे!

इंजिनाकडे येऊ. इथे पहिली गोष्ट म्हणजे पुणं. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहोत. इथली हवा सुमारे पाच टक्के विरळ, म्हणजे मुंबईत ३७ हॉर्सपॉवर देणारं इंजिन इथे ३५ च देणार. हवा विरळ झाली की कार्ब्युरेटर मिश्रण थोडं रिचही करतो. हवेच्या घनतेच्या वर्गमुळाने, म्हणजे अडीच-तीन टक्के.

दुसरी गोष्ट म्हणजे पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. घनता धरून हिशेब केला तर ई-२० ला साधारण १३.५. जुन्या ८०० च्या कार्ब्युरेटरला हे कुठून कळणार? तो आपला १४.७ च्या हिशेबाने नळ सोडतो. परिणामी मिश्रण नऊ टक्के लीन. पुण्याच्या उंचीमुळे त्यातले तीन परत मिळाले, उरले सहा. रिकाम्या रस्त्यावर ते जाणवत नाही, पण मैदानावर फुल थ्रॉटल धरलं की इंजिन तापतं, गॅस दिल्यावर अडखळतं आणि प्लग पांढराफटक पडतो. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्या ऑक्सिजन सेन्सरने हे सावरून घेतात. कार्ब्युरेटरला जेट बदलूनच द्यावा लागतो.

जेटचं क्षेत्रफळ सहा टक्के वाढवायचं म्हणजे व्यास तीन टक्के. एक मिमीचा जेट असेल तर १.०३. तीन शतांश मिलिमीटर! माणसाचा केससुद्धा याच्या दुप्पट जाड असतो. त्यामुळे हँड ड्रिलने जेट 'मोठा करून' देणारे जे कलाकार आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. मोजून बनवलेला पुढच्या नंबरचा जेट विकत मिळतो, तो घ्या. त्याचबरोबर जुने पेट्रोल पाइप आणि डायफ्राम बघून घ्या. जुन्या रबराचं इथेनॉलशी पटत नाही, आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळणं ही थट्टा नव्हे.

टायमिंग म्हणजे आपला डेल्को फिरवणं. इथे उत्साहाला आवर घाला. टायमिंग लाइट लावून एका वेळी दोनच अंश पुढे न्या, चाचणी घ्या, मग ठरवा. चढाला खालच्या आरपीएमला डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला की ते नॉकिंग. तिथून मागे यायचं, पुढे जायचं नाही. लीन मिश्रण आणि पुढे नेलेलं टायमिंग एकत्र आलं तर पिस्टनला भोक पडतं.

"हेड घासून कॉम्प्रेशन वाढव ना भावा," हा सल्ला आम्हाला किमान पाच जणांनी दिला. करून पाहू, कागदावर. एका सिलिंडरचे २६५ सीसी, कॉम्प्रेशन रेशो साधारण ८.७, म्हणजे चेंबर ३४.५ सीसीचं. हेड अर्धा मिमी घासलं तर चेंबर जास्तीत जास्त १.८ सीसीने कमी होतं आणि रेशो येतो ९.१ च्या जरा वर. ऑटो सायकलच्या सूत्राने एफिशियन्सी वाढते दीड टक्क्याच्या आत. ३७ चे ३७.५ हॉर्सपॉवर. अर्ध्या हॉर्सपॉवरसाठी हेड उतरवायचं, घासायचं, गॅस्केट नवं घालायचं, आणि नॉकिंगचा धोका पदरात घ्यायचा. त्यापेक्षा मागची सीट, डिकीतलं सामान, उगाच बसवलेले स्पीकर असे ४० किलो काढले तर ७८० चे ७४० होतात. पाच टक्के! गाडीला दोन हॉर्सपॉवर मिळाल्यासारखंच, तेही फुकट.

पण हे ४० किलो जवळजवळ सगळे मागून गेले. म्हणजे मागची स्प्रिंग आता कमी भार वाहते, मागची बाजू थोडी वर आली, मागची फ्रिक्वेन्सी वाढली. इंजिनासाठी केलेला बदल सस्पेन्शनचा झाला. वजन काढल्याच्या दिवशीच आम्हाला मोबाईलची चाचणी चारही कोपऱ्यांवर परत करावी लागली.

आणि सुधारणा झाली हे कळणार कसं? डायनो आपल्याकडे नाही. टेकडीवर आहे, पण तो एआरएआयचा! १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्या वेताळ टेकडीवर गाड्या मोजायचंच काम करते, आणि आपण संध्याकाळी तिच्याजवळून भेळ खात फिरतो. असो. स्टॉपवॉच आहेच की. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वरून ५० ला जायला ७८० किलोच्या गाडीला ४८ हजार ज्यूल लागतात. तीन सेकंद लागले तर सरासरी १६ किलोवॅट, म्हणजे चाकावर २१-२२ हॉर्सपॉवर. मोबाईलने व्हिडिओ काढून फ्रेम मोजल्या तर वेळ बऱ्यापैकी नेमका मिळतो. मात्र दोन्ही दिशांनी घ्या. मैदानाला एक टक्का उतार असेल तर त्याचेच ८५० वॅट होतात, म्हणजे मोजलेल्या पॉवरच्या पाच टक्के. नवीन एअर फिल्टर लावून 'पिकअप वाढला' म्हणणाऱ्यांपैकी किती जण उतारावर होते हे विचारायला हवं.

या इंजिनाला कुणी हसू नये म्हणून एक सांगतो. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी याच ८०० च्या इंजिनावर सिंगल सीटर रेस कार बनवली, ती 'फॉर्म्युला मारुती' म्हणून ओळखली जाते. तिच्यात सुरुवात केलेला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचला.

सध्या गाडी मूळ उंचीवर आहे, मागचे शॉकअप नवीन आहेत, जेट एक नंबर मोठा आहे. पुढची स्प्रिंग ३० न्यूटनची करायची की २५ ची, यावर वाद चालू आहे. २५ चं गणित ज्याला करायचं असेल त्याने वरचेच आकडे वापरावेत, १.७ हर्ट्झच्या थोडं वर येईल. टायरच्या हवेचे प्रयोगही बाकी आहेत, पुढे-मागे दोन-दोन पीएसआयच्या फरकाने. प्रत्येक चाचणीची तारीख, तापमान, टायरची हवा आणि काय एकच गोष्ट बदलली ते लिहिलेली वही वर्कशॉपमध्ये मिस्त्रीकाकांच्या कपाटात वरच्या खणात आहे. शनिवारी दुपारी आम्ही तिथेच असतो. येताना जुने कपडे घाला.